एका वर्गातील दोन शिक्षक

जपानच्या संसदेने जून २०२५ मध्ये सरकारी शाळांतील शिक्षकांच्या वेतनविषयक कायद्यात दुरुस्ती केली. जादा कामाचा मोबदला तासांवर न मोजता पगाराच्या ४ टक्के इतकी ठोक रक्कम देण्याची पद्धत १९७१ च्या कायद्याने घालून दिली होती. ती पद्धत तशीच ठेवून रक्कम तेवढी २०३१ पर्यंत पायरीपायरीने १० टक्क्यांवर न्यावयाची आहे. मुळात हे ४ टक्के आले कोठून? १९६६ च्या पाहणीत शिक्षकाचे जादा काम महिन्याकाठी सुमारे ८ तास भरले होते, त्यावरून. उलट, ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत कनिष्ठ माध्यमिक शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा आढळला. नियमाचे पावणेएकोणचाळीस तास वजा केले, तर पूर्वी महिन्यात होई त्याच्या दुप्पट जादा काम आता आठवड्यातच होते!

अशा थकलेल्या शिक्षकाच्या गळ्यात एप्रिल २०२० पासून प्राथमिक पाचवी-सहावीचा इंग्रजी हा रीतसर विषयही पडला. मदतीला परदेशी साहाय्यक शिक्षक असतो. १९८७ मध्ये चार देशांतील ८४८ तरुणांनिशी सुरू झालेल्या ‘जेट’ योजनेतील साहाय्यकांना स्थानिक संस्था स्वतः नेमतात. करार वर्षाचा, फार तर पाच वर्षे. परंतु अनेक नगरपालिका निविदा मागवून खासगी कंपनीला ठेका देतात, आणि खरी गुंतागुंत तेथे सुरू होते.

ठेक्याच्या कायद्याप्रमाणे साहाय्यकाला सूचना देण्याचा अधिकार फक्त ठेकेदाराला. वर्गशिक्षकाने ऐन तासात ‘हा उतारा पुन्हा वाचा’ एवढे सांगितले, तरी तो ठेक्याच्या नावाखाली चालविलेला बेकायदा मजूरपुरवठा ठरू शकतो. बहुतेक साहाय्यकांजवळ जपानी अध्यापन परवाना नसतो. त्यामुळे तासाची जबाबदारी मात्र वर्गशिक्षकाचीच. जबाबदारी एकाकडे, अधिकार तिसऱ्याकडे, आणि फळ्यापुढे दोघे उभे. दोघांची मने जुळावीत तरी कशी? नगरपालिकेची बचत म्हणून जी हिशेबात दिसते, तिचा बराचसा भाग या दोघांच्याच खिशातून व उमेदीतून वसूल होतो. ‘तासिका तत्त्वा’ची ओळख असलेल्या मराठी प्राध्यापकाला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

खासगी वर्गांची स्थिती याहून डळमळीत. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘नोव्हा’ ही इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांची सर्वांत मोठी साखळी कोसळली, तेव्हा सुमारे चार हजार परदेशी शिक्षक पगारावाचून राहिले. काहींनी जेवणाच्या मोबदल्यात शिकवण्या केल्या. जपानी कर्मचाऱ्यांचेही पगार थकले होते, याची चर्चा फारशी झाली नाही.

नव्या दुरुस्तीत २०२९ पर्यंत जादा काम महिन्याला सरासरी ३० तासांवर आणण्याचे उद्दिष्ट आहे. ते वर्गशिक्षकापुरते. शेजारी उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या साहाय्यकाला त्यातले काहीही लागू नाही. त्याचे भवितव्य मार्चअखेर नव्या निविदा उघडल्यावर ठरते.