केटीचा खुबा आणि आपण

आमच्या होस्टेलच्या कुत्रीचं नाव केटी. कितीही प्रयत्न केले तरी सुटत नाही, म्हणून! मागच्या सेमिस्टरला गेटसमोर बाइकची धडक बसली आणि ती तीन पायांवर चालू लागली. आम्ही काय केलं? हळद लावली, मेसमधून दूध आणलं आणि "होईल आपोआप बरी" म्हणत सबमिशनला लागलो. तीन आठवडे गेले.

मग एक्स-रे निघाला. खुबा निखळला होता. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून निसटून वर सरकलेला. पहिल्या एक-दोन दिवसांत नेली असती तर भूल देऊन, एकही छेद न घेता तो बसवून बघता आला असता. तसा बसवलेला सांधा पुष्कळदा पुन्हा निसटतो हे खरं, पण त्यावरही उपाय आहे. त्याला टॉगल म्हणतात आणि मेकॅनिकलवाल्यांनी तो बघावाच. हाडातून भोक पाडून मजबूत दोरा ओवायचा, टोकाला छोटी दांडी. नव्या शर्टाच्या किमतीच्या चिठ्ठीला प्लास्टिकचा 'टी' असतो ना, अगदी तसंच! वाटीपलीकडे गेली की दांडी आडवी होते, मागे येत नाही. तुटलेल्या लिगामेंटचं काम दोरा करतो, तोवर सांध्याभोवतालचं आवरण भरून येतं.

एरवी यासाठी सांधा उघडावा लागतो. सी-आर्म एक्स-रे किंवा सांध्यात घालायची दुर्बीण असेल तर हेच काम लहान छेदांतून होतं. स्नायू कमी कापले जातात, दुखणंही कमी. मात्र उपकरणं महाग, शिकलेले हात मोजके, आणि नंतरची काही आठवड्यांची सक्तीची विश्रांती कुणालाच चुकत नाही.

केटीच्या बाबतीत दोन्ही वाटा बंद झाल्या होत्या. गोळा घासून खराब झाला होता, तो कापूनच काढावा लागला. आज ती पळते, पण लंगडत.

"भटक्या कुत्रीवर एवढा खर्च?" असं काहींनी विचारलं. रात्री दोनला ती गेटवर आपल्या गाड्या राखते, तेव्हा बरी ती भटकी नसते! आणि खर्च वाढला तो आपल्याच आळसामुळे.

सर्वांत लहान छेद म्हणजे छेदच नसणं. त्याला यंत्र लागत नाही, वेळेवर उचलून नेणारे दोन हात लागतात. म्हणून रेक्टर सरांना विनंती, नोटीस बोर्डावर जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर लावा. आणि मित्रांनो, सेमिस्टरला डोक्यामागे दहा रुपये काढा. कटिंग चहाएवढेच होतात.