नाण्यांचा संग्रह करायला दुकान कशाला हवे?

पिकांवर लिहिणाऱ्या माणसाने आज नाण्यांवर का लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कारण साधे आहे. शेतीशाळा, पीक पाहणी, नुकसानीचे पंचनामे या निमित्ताने आम्हाला वर्षभर घरोघर जावे लागते. चहा होतो, पावसाच्या गप्पा होतात आणि मग कोणीतरी आतून एक डबी आणते. "साहेब, हे नाणं बघा बरं, याचे किती येतील?" बहुतेक वेळा त्याआधी मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट द्या आणि लाखो रुपये न्या, वैष्णोदेवीचे नाणे असले तर नशीबच उघडले, असे त्यात सांगितलेले असते.

आधी हेच स्पष्ट सांगतो. असे लाख कोणी देत नाही. वैष्णोदेवीचे नाणे २०१२ सालचे, साधे चलनातले आहे. ट्रॅक्टरच्या नोटा तर घरोघरी सापडतील. समोरचा माणूस आधी नोंदणी फी मागतो, मग कर, मग कमिशन, आणि पैसे गेले की त्याचा फोन बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, त्यासाठी कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे बँकेने म्हटले होते. तरीही कांद्याचे आलेले पैसे या नादात घालवणारे लोक आहेत.

"किती येतील" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवला, तर त्या डबीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. गावातली शिकलेली पोरे म्हणतात, नाण्यांचा छंद हा मुंबई-पुण्याचा. तिथे दुकाने आहेत, प्रदर्शने भरतात, आपल्या तालुक्याला काय आहे? माझे मत नेमके उलटे आहे. दुकानातल्या नाण्याला किंमत असते, पण पत्ता नसतो. ते कोणत्या गावच्या, कोणत्या शेतातून आले, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. आपल्या डबीतल्या नाण्याला घर आहे, आडनाव आहे, कधी कधी गट नंबरही आहे.

पत्त्याला एवढे महत्त्व का, ते आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या उदाहरणावरून कळेल. जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी होती तेरा हजारांवर, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला शिक्का मारलेला होता. म्हणजे एका राजाने दुसऱ्याला हरवले आणि त्याचेच पैसे आपल्या छापाने चालवले. गौतमीपुत्राने क्षहरातांचा पाडाव केला, असे नाशिकच्या पांडवलेण्यातला शिलालेख सांगतो. लेख राजाच्या घरच्यांनी कोरलेला, तो स्तुतीच करणार. पण या नाण्यांनी त्याला साक्ष दिली. हा साठा एखाद्या सोनाराच्या मुशीत गेला असता तर चांदीची एक लगड झाली असती आणि ही साक्ष कायमची बुडाली असती.

आता संग्रह सुरू कसा करायचा? विकत काही घेऊ नका, आधी हातात येते ते पाहा. चालू नाण्यावर सालाखाली बारीक खूण असते. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे आणि खूणच नसेल तर कोलकात्याचे. पानावरचा लाल कोळी पाहायला आम्ही जे भिंग वापरतो, तेच इथे चालते. शाळेतल्या पोरांना वहीत साल आणि टांकसाळ असे रकाने आखून द्या आणि दूध डेअरी, किराणा दुकान, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर सोडा. सुटीभर पुरेल एवढे काम आहे. मात्र घाई करा. आता वडापावच्या गाडीवरही मोबाईलने पैसे देतात, त्यामुळे गल्ल्यात चिल्लर पडणे दरवर्षी कमी होते आहे. त्यात पुन्हा दहाचे नाणे न घेण्याची आपल्याकडची खोड! चौदाही प्रकारची दहाची नाणी वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगून झाले, तरी बाजारात वाद चालूच.

शेतकऱ्याच्या घराला शोभेल असा एक संग्रह मी नेहमी सुचवतो, तो म्हणजे शेतीच्या नाण्यांचा. प्रजासत्ताक झाल्यावर १९५० साली निघालेल्या आण्यावर बैल आहे आणि रुपयावर धान्याची कणसे आहेत. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या निमित्ताने आपल्या टांकसाळींनी कितीतरी नाणी काढली. १९७३ चे पन्नास पैसे अधिक धान्य पिकवण्यावर, १९८० चे दहा आणि पंचवीस पैसे ग्रामीण स्त्रियांच्या प्रगतीवर, १९८७ चा रुपया छोट्या शेतकऱ्यांवर, तर १९८८ चा चक्क कोरडवाहू शेतीवर! १९९५ साली त्या संघटनेला पन्नास वर्षे झाली म्हणून पाच रुपयांचे नाणे निघाले. अलीकडच्या बारा बाजूंच्या वीस रुपयांच्या नाण्यावरही धान्यच आहे. ही नाणी तुमच्या-आमच्या हातातून गेली, आपण पाहिली नाहीत एवढेच. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, ती आता आजीच्या डब्यात किंवा पोरांच्या खेळात सापडतील.

घरातले जुने धन ही यापुढची पायरी. लक्ष्मीपूजनाला मांडायचे राणीछाप, राजाछाप रुपये अनेक घरांत आहेत. मोडायला नेण्याआधी एवढे ध्यानात ठेवा. १९४० पूर्वीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून निम्मीच चांदी, आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. सोनारापुढे ही माहिती कामाला येते. ज्याचे हाल होतात ते तांबे. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' अशी अक्षरे असलेली शिवराई, पेशवाईतली दोन रेघांची दुदांडी, १९४३ नंतरचा भोकाचा पैसा, हे सगळे भंगारवाल्याच्या तराजूत किलोने जाते. शिवराई झिजलेली असते, अक्षर अर्धेच दिसते, म्हणून ती टाकाऊ वाटते. आपल्या चांदवडला टांकसाळ होती, खुद्द नाशिकचे रुपये गुलशनाबाद या नावाने निघत. तेव्हा घरात काय निघेल, सांगता येत नाही. उलट यात्रेत कोणी चकचकीत होन किंवा शिवराई विकायला आला, तर ती नवी ओतीव असणार हे समजून चाला.

आणखी एक, नाणे घासू नका. चिंच, राख, लिंबू, पितांबरी यांतले काहीही नको. देवाची भांडी उजळावीत तशी नाणी उजळली, तर वरचा थर आणि बारीक अक्षरे दोन्ही निघून जातात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा. मातीच्या नमुन्याला आपण जशी चिठ्ठी लावतो, गाव, गट नंबर, खातेदार, तारीख, अगदी तशीच. चिठ्ठी हरवली की मातीचा नमुना फेकून द्यावा लागतो. नाण्याचेही निम्मे मोल तिथेच जाते.

आता अवघड भाग. विहीर खोदताना, नांगरताना, जेसीबी लागल्यावर जमिनीतून काही निघाले तर? इथे १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काहीही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास आपला हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवले, तर चौकशी होते. धनाला वारस नाही असे ठरले आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो.

माझा आक्षेप इथेच आहे. सातवाहनांची कित्येक नाणी शिशाची आहेत. शिशाच्या भावावर पाचवा भाग म्हणजे चहाचे पैसेसुद्धा होत नाहीत. ज्याने कामावरची मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालायच्या, त्याला एवढेच मिळणार असेल, तर तो गप्प बसेल किंवा रातोरात वितळवेल. अभ्यासाच्या दृष्टीने जे मोल आहे, त्या हिशेबाने बक्षीस मिळाले पाहिजे, आणि तोवर निदान वागणूक तरी बरी मिळावी. तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात ते अजून भाऊसाहेबच. भाऊसाहेबांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना माझी विनंती आहे. नाणी घेऊन आलेल्या माणसाला आरोपीसारखे उभे करू नका. जागेवर पंचनामा करा, नग मोजा, फोटो काढा, सहीची पोच त्याच्या हातात द्या. पोच मिळते हे एकदा गावाला कळले, की पुढचा माणूस आपणहून येईल.

घरातली नाणी घरातच राहू द्यावीत. शाळेच्या कपाटात ठेवली तर चोरीची भीती आणि भाऊबंदकीचे वाद. शाळेत फक्त एक रजिस्टर असावे. त्यात फोटो, वजन, कोणाचे आणि कुठून आले एवढेच. शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, हेही रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे दारावर येणाऱ्या खरेदीदाराला दाखवता येईल.

वाचता न येणारी नाणी मात्र जाणत्याला दाखवावी लागतात, आणि त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनासाठी १९८० साली स्थापन झालेली संस्था आहे. यंदा शाळेची सहल पाण्याच्या खेळांच्या बागेत नेण्याऐवजी तिकडे न्यावी, असे मुख्याध्यापकांना सुचवतो. आधी पत्र पाठवून वेळ ठरवा आणि जाताना नाणी घरीच ठेवून रजिस्टर तेवढे बरोबर न्या.