विश्लेषण : नव्या फिशटँकमधील मासे पहिल्या महिन्यातच का मरतात?

काचेची टाकी, पंप, दिवा, रंगीत खडे आणि प्लास्टिकच्या पिशवीतले चार गोल्डफिश, ही सगळी खरेदी बहुतेक घरांत एकाच दिवशी होते. संध्याकाळी टाकी भरली जाते आणि मासे सोडले जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होते. आठवडाभराने मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि पंधरा-वीस दिवसांत टाकी रिकामी होते. मग कुणी म्हणते मासे आधीच आजारी होते, कुणी म्हणते घरावरचे संकट माशांनी स्वतःवर घेतले.

कारण बहुतेक वेळा साधे असते. पाणी तयार होण्याआधीच त्यात मासे सोडलेले असतात. पाणी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि दुकानातला व्यवहार अर्ध्या तासात उरकतो. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात तरी ही घाई थांबायला हवी. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नयेत आणि एकाच दिवशी विकतही घेऊ नयेत.

पाणी स्वच्छ दिसते, मग मासे कशाने मरतात?

अमोनियाने. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. त्यांची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. पाण्यातील अमोनियाला रंग नसतो आणि मासे मरण्याइतक्या प्रमाणात असला तरी त्याचा वास येत नाही. त्यामुळे आरपार दिसणारे पाणीही विषारी असू शकते.

सगळा अमोनिया सारखाच घातक नसतो. पाण्याचा पीएच आणि तापमान वाढले की त्याचा विषारी वाटा वाढतो. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हा वाटा पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळपास दहापट. पाणी ३० अंशांवर गेले, तर साडेसात टक्के. एकाच दुकानातले मासे एका घरी जगतात आणि दुसऱ्या घरी मरतात, यामागे अनेकदा हे गणित असते.

‘टँक सायकलिंग’ म्हणजे नेमके काय?

शाळेच्या विज्ञानात नायट्रोजन चक्र सगळ्यांनी वाचलेले असते. तेच चक्र टाकीत सुरू करणे म्हणजे सायकलिंग. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. ते माशांच्या रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासे गुदमरतात. त्यानंतर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. ते वनस्पती शोषून घेतात किंवा पाणी बदलताना निघून जाते.

हे जिवाणू पाण्यात फारसे राहत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर थर करून राहतात आणि वाढतात अगदी हळू. म्हणून रिकाम्या टाकीत फिल्टर सुरू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकायचे, म्हणजे अमोनिया तयार होऊन जिवाणूंना अन्न मिळते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली. ओळखीच्या कुणाची जुनी आणि निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तरी हा काळ बराच कमी होतो.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. पाणी गढूळ दिसले की टाकी पूर्ण रिकामी करून, खडे आणि स्पंज नळाखाली चोळून धुतले जातात. महिनाभरात जमलेले जिवाणू दहा मिनिटांत वाहून जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवशी येते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता पिळून.

नळाचे, बोअरचे की आरओचे पाणी?

तिन्ही चालतात, पण प्रत्येकाची अडचण वेगळी आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. भारतीय मानकानुसार घरापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. माणसासाठी ही सुरक्षा असली, तरी माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना हे पाणी घातक आहे. गावांत पावसाळा लागला की विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर जास्त पडते. त्या दिवसांत थेट नळाचे पाणी टाकीत सोडणे सर्वाधिक धोक्याचे.

पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की क्लोरीन उडून जाते, हा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. मूळ पाण्यात सांडपाण्यामुळे अमोनिया असेल, तर क्लोरीन त्याच्याशी जोडले जाऊन क्लोरामाइन बनते आणि ते सहज उडत नाही. भंडाऱ्यात हा मुद्दा दुर्लक्षित करता येत नाही, कारण नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. त्यामुळे नळाचे पाणी वापरताना ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे थेंब टाकणे हाच खात्रीचा मार्ग. पाणी बदलताना तरी ते विसरू नयेत.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण क्षार जास्त आणि प्राणवायू कमी असू शकतो. ते काही तास हवेचा पंप लावून ठेवावे. आरओचे पाणी उलट टोकाचे असते. त्यात क्षार जवळपास नसल्याने पीएच सांभाळणारे काही उरत नाही आणि तो अचानक घसरू शकतो. नुसत्या आरओच्या पाण्यावर टाकी चालवू नये.

पाण्याचा पीएच औषधांनी सतत वरखाली करण्यापेक्षा आपल्या पाण्याला सोसणारे मासे निवडणे शहाणपणाचे. जड पाणी गप्पी, मोली, प्लॅटी यांना मानवते. निऑन टेट्रा किंवा डिस्कस यांना मऊ पाणी लागते. हिवताप विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी जे गप्पी मासे सोडतो, तेच नवख्यासाठी सगळ्यात सोपे आहेत.

विदर्भाच्या उन्हाळ्यात टाकी कशी सांभाळायची?

पुण्या-मुंबईच्या माहितीपुस्तिका इथे कमी पडतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि घरातल्या टाकीचे पाणी ३२-३३ अंशांवर सहज पोहोचते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सात. म्हणजे माशांना प्राणवायूची गरज वाढते तेव्हाच तो कमी होतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो. उन्हाळ्यात मासे एकाएकी मरतात ते या दुहेरी माराने.

यावरचा उपाय विदर्भातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. कुलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर टाकीही गार होते. झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. तापमानाचा झटका उष्णतेपेक्षा वाईट. खाद्य कमी करावे आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा.

उडालेल्या पाण्याच्या जागी नुसते नवे पाणी भरत राहिले, तर क्षार साठत जातात. कुलरच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थर आठवावा. टाकीतही तेच होते. म्हणून भर घालण्याबरोबर थोडे जुने पाणी काढणेही आवश्यक आहे.

वीज गेली तर?

फिल्टर आणि पंप बंद पडल्यावर गर्दी असलेल्या टाकीत काही तासांतच प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप इथे रंगीत दिव्यापेक्षा कितीतरी मोलाचा. तो नसेल तर मगाने पाणी उचलून वरून ओतत राहावे. वीज नसताना खाद्य देऊ नये. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर बराच वेळ थांबला असेल, तर त्यातले पाणी सडते. ते टाकून देऊन, आतले साहित्य टाकीच्या पाण्यात विसळून मगच तो सुरू करावा.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज जाताच पाणी उलट नळीतून पंपात आणि तिथून प्लगपर्यंत येते. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी खाली ठिबकते. टाकीत हात घालण्यापूर्वी स्विच बंद करून प्लग काढावा. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या या खेळण्याभोवती लहान मुले असतात, हे विसरून चालणार नाही.

कोणते उपकरण आवश्यक, कोणते हौसेचे?

पहिला खर्च टाकीच्या आकारावर करावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावते. पाण्याचे प्रमाण जितके जास्त, तितका अमोनिया हळू वाढतो आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. काचेचा गोल वाडगा म्हणूनच सगळ्यात अवघड, तरी तो नवख्यांनाच विकला जातो.

त्यानंतर फिल्टर. छोट्या टाकीला हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर पुरतो. तो स्वस्त असतो आणि त्याच्या स्पंजवर भरपूर जिवाणू राहतात. तिसरी वस्तू अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारा थेंबांचा टेस्ट किट, चौथी साधा थर्मामीटर. हिवाळ्यात रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर उतरतो तेव्हा उष्ण कटिबंधातील माशांना हीटर लागतो. अंदाज लिटरमागे एक वॅट. गोल्डफिशला त्याची गरज नाही.

बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, चमकते खडे आणि प्रत्येक आजारावर दिले जाणारे निळे औषध हे सगळे नंतर. ते औषध फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारक ठरू शकते.

टाकी तयार झाल्यावर दर आठवड्याला काय करावे?

* पाव भाग पाणी बदलावे. नव्या पाण्याचे तापमान जुन्याच्या जवळपास असावे.
* मासे दोन मिनिटांत संपवतील इतकेच खाद्य द्यावे.
* अमोनिया किंवा नायट्राइट शून्यावर नसेल, तर त्याच दिवशी पाणी बदलावे आणि खाद्य थांबवावे.
* नायट्रेट ४० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये.
* नवे मासे एका वेळी दोन-तीनच आणावेत. जिवाणूंची संख्या त्यांच्या मागोमाग वाढते.

मामा तलावांकडून काय शिकता येईल?

पाणी जिवंत असते, हे या जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव शेतीबरोबर मासेमारीही पोसत आले. पुढे अनेक तलावांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली आणि स्थानिक मासे घटले. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत मनीष राजनकर आणि ढीवर समाजातील मच्छीमारांनी त्यावर जे काम केले, त्याची सुरुवात माशांपासून झाली नाही. आधी बेशरम उपटली, तलावाचा तळ नांगरला, मग हायड्रिलासारख्या स्थानिक पाणवनस्पती लावल्या. मासे त्यानंतर.

घरातल्या दोन फुटी टाकीलाही हाच क्रम लागू आहे. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया टाकीतही अमोनिया आणि नायट्रेट शोषतात, प्राणवायू देतात आणि प्लास्टिकच्या झाडांची गरज संपवतात.

तलावांशी आणखी एक जबाबदारी जोडलेली आहे. टाकी नकोशी झाली की मासे जवळच्या तलावात किंवा वैनगंगेत सोडले जातात. हे पुण्य नव्हे. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकरमाउथ कॅटफिश फूटभराहून मोठा होतो आणि तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेतही तो सापडला. असा मासा मामा तलावात रुजला, तर नुकसान ढीवरांच्या जाळ्यातल्या स्थानिक माशांचे होईल. नको असलेले मासे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

मग बदलायचे काय?

२०१७ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले होते, ते पुढे मागे घेतले गेले. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संवर्धनासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान आहे. व्यवसाय वाढावा हे चांगलेच. मात्र विकलेला मासा महिनाभरात मरणार असेल, तर ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही आणि व्यवसायही टिकत नाही.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. दुकानदाराने पहिल्या दिवशी टाकी, फिल्टर आणि टेस्ट किट द्यावा, महिन्याने बाटलीभर पाणी तपासून मग मासे द्यावेत. ग्राहकाने तोच आग्रह धरावा. शाळेने एक टाकी वर्गात ठेवून मुलांकडून रोजचा अमोनिया फळ्यावर लिहून घ्यावा. नायट्रोजन चक्र त्यांना पाठ करावे लागणार नाही.

मासे पाळण्याचा छंद स्वस्त नाही आणि अवघडही नाही. त्याला लागतो तो महिनाभराचा धीर. तो नसेल, तर टाकी घेऊच नये.