फेब्रुवारीत आपला काय संबंध?

मंडळाचे वार्षिक वेळापत्रक आले की फेब्रुवारीत काय काय ठेवले आहे ते मी पाहतो. रथसप्तमीपर्यंत लांबवलेले हळदीकुंकू, १९ तारखेच्या जवळच्या शनिवारी शिवजयंती, २७ ला मराठी भाषा दिन. उत्तमच आहे. पण अमेरिकेत हाच महिना आफ्रिकन-अमेरिकनांच्या इतिहासाचा म्हणून पाळतात. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या सप्ताहाचा १९७६ मध्ये महिना झाला. आपली मुले शाळेत त्यावर प्रकल्प करतात, पण मंडळात त्याचा साधा उल्लेख नसतो. विचारले तर उत्तर तयार असते, "तो त्यांचा विषय. आपला काय संबंध?"

आपण मुळात इथे आहोत, हाच संबंध!

१९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून इथे येऊन स्थायिक होण्याचे दार जवळजवळ बंद केले होते. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना सांगितले की तुम्ही 'गोरे' नाही, सबब नागरिकत्व नाही. हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते! १९४६ मध्ये दार किलकिले झाले: वर्षाला १०० माणसे. सबंध देशातून १००. आपल्या गणपतीच्या महाप्रसादाला याहून मोठी रांग लागते. ही देशवार कोट्याची पद्धत मोडली ती ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने. त्याच्या आधीच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता आणि जेमतेम दोन महिने आधी मतदानहक्काचा. घरात वर्णभेद बेकायदा ठरवल्यावर दारात तो ठेवणे अवघड झाले. बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली ज्यांच्यावर पोलिसांनी कुत्रे सोडले, सेल्माच्या पुलावर मार्च १९६५ मध्ये ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ती माणसे तुमच्या-माझ्या व्हिसासाठी भांडत नव्हती. तरी त्यांनी ढकललेल्या दारातूनच आपण आत आलो.

"आम्ही आमच्या हुशारीवर आलो," असे म्हणणारे प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. हुशारी १९५५ सालच्या मराठी माणसातही होती. त्याला इथले दार बंद होते. आणि पुढचे वाक्य तर पाठच असते, "आपण शून्यातून उभे राहिलो, मग त्यांना काय झाले?" अहो, आपण शून्यातून नाही आलो. डॉक्टर, इंजिनिअर अशी चाळणी लावून आपल्याला निवडून घेतले. चाळणीतून आलेल्या दाण्यांनी शेताला नावे ठेवू नयेत. ज्यांना नावे ठेवतो, त्यांच्या वस्त्यांतल्या घरकर्जांना १९३४ पासून कित्येक वर्षे सरकारी हमीच मिळत नव्हती. घरविक्रीतला भेदभाव कायद्याने बंद झाला तो १९६८ मध्ये. घराच्या किमतीवर मुलांचे कॉलेज कसे निघते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण मला खरा राग येतो तो आपल्या दिवाणखान्यातल्या मराठीचा. कोणी नवे घर शोधत असले की आवाज खाली येतो: "तिकडे काळे फार आहेत हो." मराठीत बोललो म्हणजे कुणाला कळत नाही, असा आपला समज. शेजारी बसलेल्या मुलांना कळते. रविवारच्या मराठी शाळेत शब्द राहत नाहीत म्हणून आपण हळहळतो. हे शब्द बरोबर राहतात. वधूवर सूचनेतली 'गोरी' या रोगाचीच धाकटी बहीण.

आणि हे आपण बोलतो ते कोणाच्या भाषेत? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी कृष्णवर्णीयांच्या गुलामीविरुद्ध स्वतःला झोकून दिले होते. पुण्यात बसून, अमेरिका न पाहता, त्यांना या लढ्याशी आपला संबंध दिसला. बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये शिकल्यावर तो दिसला; १९४६ मध्ये त्यांनी त्यासंबंधी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. आपण इथे तीस-तीस वर्षे राहतो, याच देशात कर भरतो, आणि विचारतो संबंध काय.

मी कार्यकारिणीला लेखी सूचना दिली आहे. शिवजयंतीच्या कार्यक्रमात वीस मिनिटे मलिक अंबरला द्यावीत. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आताचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे कामी आले. म्हणजे विषय सोडून काही मागत नाही. गावातल्या आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधल्या चार ज्येष्ठांना त्या दिवशी पाहुणे म्हणून बोलवावे, आणि १९६५ च्या आठवणी त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकू द्याव्यात. हॉलचे भाडे तेच राहील. जेवणाची चार ताटे वाढतील, ती माझ्याकडे लागली.