खिरापत कोणाच्या घरची?

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतचा महिना हा विदर्भात भुलाबाईचा महिना. भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडावयाच्या, मुलींनी रोज संध्याकाळी एकमेकींच्या घरी जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणावयाची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखावयाची, ही रीत वर्धा जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या स्त्रियांना सांगावयास नको. डबा झाकलेला असतो. घरची मुलगी तो हलवून दाखविते. वाजतो की नाही, आत गोड आहे की तिखट, कोरडे आहे की ओले, असे प्रश्न होतात, तर्क लढविले जातात. कोणालाच ओळखता आले नाही, तर त्या घराची सरशी होते.

या खेळात एक फार शहाणे अर्थशास्त्र दडलेले आहे. येथे जिंकावयाचे ते महाग पदार्थाने नव्हे, तर न ओळखता येणाऱ्या पदार्थाने. पेढा कोणीही ओळखील. परंतु ज्वारीच्या लाह्या गुळात घोळविल्या, फुटाण्यांच्या पिठात तीळ मिसळले, मुरमुऱ्यांना लसणाची चटणी चोळली, तर भल्याभल्यांचा तर्क चुकतो. कापसाची वेचणी व्हावयाची असते, सोयाबीनचा पैसा हाती आलेला नसतो, अशा ओढगस्तीच्या दिवसांत हा उत्सव येतो आणि तरीही कोणाचे घर त्यापायी कर्जात पडत नाही. मूठभर धान्य आणि थोडी कल्पकता एवढ्या भांडवलावर मजुराची मुलगी मालगुजाराच्या नातीला हरवू शकते. श्रीमंतीला जेथे काडीचाही फायदा मिळत नाही, असे खेळ आपल्या समाजात फार थोडे आहेत.

मात्र एक प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. ती मजुराची मुलगी कोणत्या वस्तीतली? भुलाबाई सवर्ण आळीतून बौद्ध वस्तीत कितीदा गेली? आणि गेली असलीच, तर तेथल्या चुलीवर झालेली खिरापत किती जणींनी तेथेच बसून खाल्ली?

येथे कोणी म्हणेल की, आता काळ बदलला आहे. दिवाळीत सर्व जातींची माणसे एकमेकांना मिठाई देतात. देतात, हे खरे. परंतु ती मिठाई बंद खोक्यातली असते, यातच सारे आले. ज्या घरी बौद्ध शेजाऱ्याने आणलेला पेढ्यांचा पुडा आनंदाने ठेवून घेतला जातो, त्याच घरी त्याच शेजारणीच्या हातचा लाडू ‘उपास आहे’ म्हणून बाजूला ठेवला जात असेल, तर अस्पृश्यता गेली असे म्हणता येणार नाही. तिने फक्त वेष्टन गुंडाळून घेतले आहे. खोक्याला हात कोणाचे लागले ते दिसत नाही, म्हणून ते बाटत नाही! बाजाराने जातिभेद मोडला नाही, त्याला सोयीची पळवाट काढून दिली.

याचाच दुसरा नमुना अमेरिकेत दिसतो. तेथे 31 ऑक्टोबरला हॅलोविन साजरा होतो. मुले सोंगे घेऊन दारोदार जातात आणि शेजारी त्यांच्या झोळीत खाऊ टाकतात. पूर्वी त्यात घरी भाजलेल्या बिस्किटांचा, पाकात घोळविलेल्या सफरचंदांचा मोठा वाटा असे. पुढे, विशेषतः 1970 नंतर, शेजारी खाऊत विष घालतात, सफरचंदात दाढीचे पाते खुपसतात, अशी आवई उठली. घरचा खाऊ फेकून द्यावा आणि कारखान्यातला वेष्टनबंद खाऊच मुलांना खाऊ द्यावा, असा उपदेश सुरू झाला. जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरिउची या समाजशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये पूर्वीच्या सुमारे 25 वर्षांतील बातम्या तपासल्या, तेव्हा अनोळखी माणसाने अशा रीतीने मूल मारल्याचे एकही प्रकरण त्यांना सापडले नाही. 1974 साली टेक्सासमध्ये जो मुलगा विषारी गोळी खाऊन दगावला, त्याला ती विम्याच्या पैशासाठी खुद्द बापानेच दिली होती. पण भीती उरली आणि घरचा खाऊ गेला. तिकडे विषाची भीती, इकडे विटाळाची. दोहोंचा परिणाम एकच: शेजाऱ्याच्या हातावरचा विश्वास संपला आणि मिठाईचा धंदा वाढला.

आपल्या चळवळीला हा विषय क्षुल्लक वाटू नये. महात्मा फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावले. डॉ. बाबा आढावांनी 1970 च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव नेली. पाणवठा आणि मंदिर सार्वजनिक होते. तेथे कायदा पोहोचू शकला. घरच्या ताटापर्यंत कायदा पोहोचत नाही. तेथे कार्यकर्त्यालाच पोहोचावे लागते आणि आरंभ स्वतःच्या घरापासून करावा लागतो.

याबाबतीत एक सावधगिरी मात्र हवी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा घेताना बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीला न मानण्याचीही प्रतिज्ञा आहे. तेव्हा बौद्ध मुलींनी भुलाबाईपुढे फेर धरावा, असा आग्रह समतेच्या नावाखाली धरणे हे उद्धटपणाचे होईल. खिरापतीला देवाची गरज नाही, शेजाऱ्याची आहे. झाकलेला डबा धम्मचक्र प्रवर्तन दिनी निघू शकतो, ईदेला निघू शकतो, कोजागरीच्या चांदण्यात तर सर्वांचाच निघू शकतो.

पवनारला धामच्या तीरावर विनोबांनी 1950 साली कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, पैशाचा आधार सोडून स्वतःच्या हातांनी शेत पिकविण्याचा. त्यांच्याशी आपले मतभेद कितीही असोत, हाताने केलेल्या वस्तूत पैशाने न मिळणारी प्रतिष्ठा असते, हे त्या प्रयोगाचे म्हणणे आपण मानावयास हरकत नाही. म्हणून पवनार आणि आसपासच्या गावांतील कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते की, येत्या कोजागरीला प्रत्येक वस्तीतून झाकलेले डबे आणावेत. विकतचा पदार्थ नको. घरात असेल त्यातूनच करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपला डबा पुढे करण्यापूर्वी पलीकडच्या वस्तीतला डबा उघडून खावा. कारण आजवर दातृत्वाचा मान वरच्यांनी स्वतःकडे ठेवला आहे. खालच्यांच्या हातचे घेण्याची नम्रता त्यांना अजून शिकावयाची आहे.

राजकारणात ‘खिरापत वाटणे’ याचा अर्थ वरून तुकडे फेकणे असा झाला आहे. मूळच्या खिरापतीत आज घेणारी मुलगी उद्या देणारी असते. तो अर्थ परत आणणे, हे समाजवाद्यांचेच काम आहे.