शांतता हवी, एकटेपण नको



डोंबिवलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वडील ७८ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. घर हमरस्त्याला लागून असल्याने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. अलीकडे त्यांनी एकच धोशा लावला आहे : ‘मला बुरोंडीला नेऊन सोडा. तिथे निदान झोप तरी येईल.’ दापोली तालुक्यातले त्यांचे वडिलोपार्जित घर गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर बंद असते. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘बाबांची इच्छा पुरवावी, की त्यांच्या जिवासाठी ती मोडावी?’

हा प्रश्न आज कोकणातल्या कित्येक घरांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सर्वांसाठी देत आहे.

बुरोंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या वडिलांची ओढ समजावून सांगावी लागणार नाही. दापोलीच्या पठारावरून रस्ता समुद्राकडे उतरू लागतो तशी हवा दमट होते आणि आवाज मागे राहतात. डोंगरउताराच्या कुशीत जांभ्या दगडाची कौलारू घरे, गडग्यांनी आखलेली आगरे, उतरत्या पाखाड्या आणि पावसाळ्यात खळाळणारे पऱ्हे. पलीकडे कोळ्यांच्या होड्या. जवळच पृथ्वीच्या गोलार्धावर उभी असलेली परशुरामाची भव्य मूर्ती आणि लाडघरचा किनारा. येथे निःशब्दता नाही. कोंबडा आरवतो, माड सळसळतात, लाटांची गाज अखंड चालू असते. पण यातला एकही आवाज माणसाला दचकवून उठवत नाही.

गोंगाटाने काय बिघडते

झोपलेल्या माणसाचे कान झोपत नाहीत. रात्री मालमोटार कर्कश वाजली की आपण जागे झालो नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब क्षणभर चढतो. वयोमानाने झोप आधीच उथळ झालेली असते, त्यामुळे ज्येष्ठांची झोप अशा आवाजांनी लवकर तुटते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की त्याचा भार हृदयावर पडतो. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रस्त्यावरील वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजासाठी सुचवलेली मर्यादाही ४५ डेसिबलचीच आहे. हमरस्त्यालगतच्या खिडकीत ती किती पाळली जाते, हे आपण जाणताच.

हिरवाईचेही तसेच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली ही पाहणी लहान होती, पण तिने रुग्णालये बांधणाऱ्यांना विचार करायला लावले.

त्याआधी सव्वाशे वर्षे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हेच ओळखले होते. त्यांचे बालपणीचे उन्हाळे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, डर्वेंट नदीच्या शांत खोऱ्यावर उभ्या असलेल्या घरात गेले. १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात त्यांनी आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण घातले. रुग्णाला मोठ्या आवाजापेक्षा अनावश्यक आवाज अधिक छळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. दाराबाहेर चाललेली कुजबुज त्यांना सर्वांत निर्दय वाटे, कारण आपल्याविषयी काय बोलले जात आहे हे ऐकण्यासाठी रुग्ण कान टवकारून पडून राहतो. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर कोरून ठेवावे. आईच्या प्रकृतीविषयी बोलायचे असेल तर तिच्यासमोर स्पष्ट बोला, नाहीतर तिला ऐकू येणार नाही इतक्या दूर जा.

पण शांततेला दुसरी बाजू आहे

दिवसभर घरात पाऊल वाजत नाही, चहाचा एकच कप विसळला जातो, संध्याकाळी दिवा लावल्यावर बोलायला कोणी नसते, तेव्हा तीच शांतता अंगावर येते. दीर्घकाळच्या एकटेपणाने हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो, हे आता वैद्यकशास्त्र मान्य करते. ज्यांना कानात सतत गुणगुण ऐकू येते त्यांना ती निःशब्द रात्री अधिक जाणवते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला तर ओळखीचे गावसुद्धा अनोळखी वाटू शकते. तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचे आहे’ असे ती आपल्याच ओटीवर बसून म्हणू लागते.

३ जून २०२० हा दिवस दापोलीकर विसरणार नाहीत. निसर्ग चक्रीवादळात पिढ्यांनी जोपासलेल्या बागा आडव्या झाल्या आणि गावोगाव वीज व फोन कित्येक दिवस बंद राहिले. तेव्हाही वाडीत शांतताच होती, पण मुंबईतली मुले गावाकडच्या आई-वडिलांचा आवाज ऐकण्यासाठी तळमळत होती. म्हणून गावी राहायचे ठरवताना पुढील गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात.

जाण्यापूर्वी

पहिला मुक्काम पंधरा दिवसांचाच ठेवा, तोही माघ-फाल्गुनात. भर पावसात नको. सोबत घरातले एक माणूस असू द्या. त्यांची नेहमीची उशी, मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि काठी बरोबर न्या. चष्म्याचा आणि श्रवणयंत्राच्या बॅटरीचा जादा संच ठेवा. औषधे महिन्याला पुरतील त्याहून आठ दिवसांची अधिक असावीत.

घर मुक्कामाच्या आधी पाहून घ्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते आणि तेच म्हातारपणीच्या मोडलेल्या खुब्याचे कारण ठरते. पायऱ्या घासून घ्या, एका बाजूला कठडा बसवा. शौचालय मागील अंगणापलीकडे असेल तर रात्रीपुरती सोय खोलीलगत करा. विहिरीवर रहाट ओढण्याचा मोह जुन्या सवयीने होतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो पुरवू नये. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे पुष्कळ. अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नका आणि गडग्याच्या फटीत किंवा लाकडांच्या ढिगात हात घालू नका. सर्पदंश झाल्यास दोरी आवळणे व चिरा देणे टाळा आणि विनाविलंब रुग्णालय गाठा.

खाण्यापिण्यातही गावचा लोभ आवरावा लागतो. शहाळ्याचे पाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. सुकट आणि खारवलेल्या बोंबलांत मीठ फार असते, रक्तदाबवाल्यांनी ते चवीपुरतेच खावेत. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि वाढत्या वयात तहान कमी लागते. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. हृदयविकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर ते मात्र पाळावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दापोली बुरोंडीपासून साधारण बारा किलोमीटरवर आहे आणि तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी त्याहून पुढचा प्रवास करावा लागतो. तो कोठे करायचा, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे, पण घाटरस्त्याला वेळ लागतो. म्हणून गावातल्या एका वाहनचालकाचा क्रमांक आणि रात्री येऊ शकेल अशा एका शेजाऱ्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. छातीत दुखणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे, दरदरून घाम सुटणे, यांपैकी काहीही झाले तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. घराच्या कोणत्या कोपऱ्यात फोनला जोर येतो, हेही पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

शेजाराची घडी मुद्दाम बसवावी लागते. सकाळी दूध घालणाऱ्याने हाक मारायची, दुपारी शेजारच्या काकूंनी डोकावायचे, संध्याकाळी मुलीने ठरलेल्या वेळी फोन करायचा. हाकेला उत्तर आले नाही तर कोणी दार उघडायचे, दुसरी किल्ली कोणाकडे, हेही ठरलेले असावे. यात संकोच नको. ज्याच्या घरी आपण गणपतीला जातो, त्याच्याकडे किल्ली ठेवण्यात कमीपणा कसला?

ताई, तुमच्या वडिलांची इच्छा मोडू नका, पण त्यांना तेथे ‘सोडूनही’ येऊ नका. आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची संमती घ्या. मग फाल्गुनात पंधरा दिवस बरोबर राहा. त्यांची झोप, भूक, चालणे आणि बोलणे वहीत टिपून ठेवा. वजन व रक्तदाबही लिहा. परतल्यावर ती वही डॉक्टरांना दाखवा. जमले तर पुढे हिवाळ्याचे दोन महिने बुरोंडीत आणि पाऊसभर तुमच्याजवळ, अशी वाटणी करता येईल.

तोवर डोंबिवलीतच एक काम आजच करता येईल. त्यांची खाट रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवा. रात्री नऊनंतर दूरचित्रवाणीचा आवाज लहान करा, मिक्सर सकाळी ते उठल्यावर लावा आणि खिडकीत तुळशीची एक कुंडी ठेवा. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसून बुरोंडीच्या घराविषयी विचारा : विहीर कोणी खणली, आगरात माड किती होते. ते सांगू लागले की मध्येच उठू नका.