हवामान खात्यानं मे महिन्यात गावात यावं



मृग जवळ आला की आपले मोबाईल तापायला लागतात. एका ग्रुपवर "परवापासून धो धो", दुसऱ्यावर "पंधरा दिवस उघडीप". त्याच गर्दीत हवामान खात्याचं पत्रक पण येऊन पडतं, आणि सगळ्यात कमी तेच वाचलं जातं. खातं खोटं बोलतं असं नाही. त्याची भाषा आपल्याला कुणी शिकवलीच नाही.

एक उदाहरण घ्या. पत्रकात लिहिलेलं असतं, "तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता". आपण काय समजतो? थोडा थोडा पाऊस. खात्याचा हिशोब वेगळा आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या शंभरातल्या फार तर 25 केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50, बऱ्याच ठिकाणी म्हणजे 51 ते 75, आणि त्याच्या वर गेलं की जवळपास सगळीकडं. म्हणजे हा शब्द पाऊस किती पडणार ते सांगत नाही, किती जागी पडणार ते सांगतो. चार गावांपैकी एका गावात बदाबदा कोसळला आणि तीन कोरडी राहिली तरी तो अंदाज बरोबरच. कोरड्या तीन गावांत मात्र पारावर एकच बोलणं, "खात्यानं पुन्हा फसवलं."

रंगांचं पण तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडा आणि आधी बचावाचं बघा. हा इशारा विजेचा, वादळी वाऱ्याचा, गारपिटीचा पण असतो. नारिंगी दिसला की काढलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायची, जनावरं झाडाखालून हलवायची, फवारणी पुढं ढकलायची. पण आपल्याकडं कितीतरी जण नारिंगी बघून म्हणतात, "चला, पेरणीपुरता येतोय." इशाऱ्याला पेरणीचा मुहूर्त समजणं किती महागात पडतं, ते ज्यानं दुबार पेरणी केलीय त्यालाच विचारा.

2025 चं आठवा. मान्सून केरळात 24 मे ला आला आणि 26 मे ला मुंबईत. नेहमीच्या तारखा 1 जून आणि 11 जून. बातम्यांत एकच गजर, मान्सून आला. त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल अडून राहिली. मान्सून येणं वेगळं आणि पेरणीजोगी ओल होणं वेगळं. 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगतात. आता मला सांगा, आपल्या रानात किती मिलीमीटर झाला हे किती जणांना सांगता येतं? आपण म्हणतो "ढेकळं विरघळली", "वीतभर ओल गेली". ते माप चुकीचं नाही, पण पत्रकाशी त्याचा मेळ बसत नाही. एक मिलीमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकराला साधारण चार हजार लिटर. 20 मिलीमीटर पडला म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर एकरभर रिकामे केले. असं सांगितलं की आपला कुठलाही म्हातारा पटकन समजून घेतो. पण सांगणारा माणूस पाहिजे.

तो माणूस होता. 2018 पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली, देशभरात 199. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज घ्यायचा आणि तालुक्याच्या पिकाप्रमाणं सल्ला लिहायचा, हे त्यांचं काम. शेतकऱ्यांच्या जागृतीचे कार्यक्रम पण त्यातच. 2024 मध्ये ही केंद्रं बंद करायचं ठरलं. माझं स्पष्ट मत आहे, तो निर्णय चुकला. विद्यापीठातली जुनी केंद्रं आहेत, पण एका केंद्राच्या वाट्याला कितीतरी जिल्हे येतात. तिथला माणूस प्रत्येक गावात येणार कसा?

कुणी म्हणेल, ॲप आहेत की. आहेत, आणि कामाची आहेत. मेघदूतवर पीक सल्ला मिळतो, दामिनीवर विजेचा इशारा मिळतो. दामिनी तर प्रत्येक सालगड्याच्या मोबाईलमध्ये पाहिजे. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा अंदाज पण सुरू झालाय. पण ॲपला उलटा प्रश्न विचारता येत नाही. "साहेब, तुरळक म्हणजे आमचं गाव त्यात धरायचं का?" याचं उत्तर माणूसच देतो. ग्रुपवर अंदाज सांगणाऱ्यांवर लोक विश्वास का ठेवतात? ते आपल्या बोलीत बोलतात, फोन उचलतात, गावात येऊन सभा घेतात. त्यांचे चुकलेले अंदाज कुणी वहीत लिहून ठेवत नाही, हा भाग वेगळा. पण लोकांत मिसळायचं कसं, हे खात्यानं त्यांच्याकडून जरूर शिकावं.

पुण्याच्या वेधशाळेत विज्ञान दिनाला, हवामान दिनाला शाळेच्या पोरांना यंत्रं दाखवतात. चांगली गोष्ट. पण आपली पोरं पुण्याला कधी जाणार? म्हणून माझं मागणं साधं आहे. मे महिन्यात पेरणीआधी प्रत्येक मंडळात एक सभा घ्या, तासाभराची. शब्द, रंग, मिलीमीटर एवढंच शिकवा. प्रत्येक शाळेत एक साधा पर्जन्यमापक द्या. रोज सकाळी साडेआठला पोरं आकडा फळ्यावर लिहितील, घरी जाऊन बापाला सांगतील. मंडळातलं यंत्र आठ-दहा किलोमीटरवर असतं आणि पाऊस तर बांधावरून बदलतो, त्यामुळं गावाचा स्वतःचा आकडा पाहिजेच.

आणि शेवटचं. दिवाळीनंतर एकदा या आणि ताळा मांडा. काय सांगितलं होतं, काय झालं, कुठं चुकलं, का चुकलं. चुकलेल्या अंदाजाचा राग शेतकऱ्याला येतो, पण कारण समोर बसून सांगितलं तर तो ऐकून घेतो. आपलाही अंदाज दरवर्षी चुकतोच की, भावाचा.

येत्या ग्रामसभेत पर्जन्यमापकाचा ठराव मांडा मंडळी. एवढं तर आपल्या हातात आहे.